पानाच्या पोटात

फेब्रुवारी संपत आला की नागपूरच्या हवेचा काही भरवसा राहत नाही. पहाटे फिरायला निघताना मफलर लागतो आणि परतताना तोच मफलर हातात ओझं होऊन बसतो. हातगाड्यांवर शेवटची संत्री उरलेली असतात, साल सैल झालेली, आतून वाळत चाललेली. लोक माळ्यावरचे कूलर खाली उतरवून त्यांचं जुनं गवत झटकत असतात. कॉलेजची पोरं पुस्तक छातीशी धरून गच्चीवर फेऱ्या मारतात. त्यांच्या पोटात गोळा येणं मी समजू शकतो, परीक्षा त्यांची आहे. माझ्या पोटात काहून यावा? माझी शेवटची परीक्षा होऊन जमाना झाला, आणि तिचा निकाल काही असा नव्हता की अजून आठवत बसावं. पण येतो. दुपारच्या वाऱ्याला पहिल्यांदा तो कोरडा, जरा भाजका वास आला की मी उगाचच दोनदा कुलूप ओढून पाहतो, गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येतो, आणि कुणी माझ्या नावानं हाक मारली की दचकतो.

काल सकाळी कॉलनीतल्या एका बंगल्याच्या कुंपणातून सूर्यफुलाचं झाड बाहेर वाकलं होतं. त्याच्या एका पानावर पांढरी रेघ होती. बारीक, नागमोडी. मी थांबलो. माझ्यासोबत फिरायला येणारे देवराव चार पावलं पुढे गेले आणि मागे वळले.

"काय पाहून राहिला गा लोकाच्या घरात? म्हातारपणी मार खाशीन."

"पान पाहतो."

"एवढं काय आहे त्यात?"

काय आहे ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा दूधवाला यायची वेळ झाली होती आणि मला ही गोष्ट कधी थोडक्यात सांगता आलेली नाही. घरचे म्हणतात, मला कुठलीच येत नाही.

धरमपेठेच्या मागे, जिथे आता दुकानाला दुकान लागून आहे, तिथे आमचं घर झालं तेव्हा शेवटचा विजेचा खांब आमचाच होता. त्याच्या पुढे काळी माती, बाभळी आणि पावसाळ्यात बेडूक. बाबांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर अडीच खोल्या बांधल्या. मागची जागा मोकळीच राहिली. "तिथं पुढं तुह्यासाठी खोल्या काढू," असं ते म्हणत. तोवर बाबा त्या जागेत दरवर्षी काहीतरी पेरत. एक वर्ष भुईमूग झाला, तो उंदरांनी नेला. एक वर्ष कांदे झाले, ते आम्ही इतके खाल्ले की पाहुण्यांनी येणं कमी केलं. त्या वर्षी बाबांच्या कुणा शेतकी खात्यातल्या मित्राने त्यांना सूर्यफुलाचं बी दिलं. तेव्हा सूर्यफूल म्हणजे आमच्याकडे शोभेचं झाड. त्याचं तेल निघतं हे ऐकून माहीत होतं, खाल्लेलं कुणी नव्हतं. डालड्यासाठी रांगा लागायचे दिवस होते ते. बाबांनी बियांची पुडी आईसमोर धरली.

"हे पाय, पुढच्या साली तू यातच पुऱ्या तळशीन. गल्लीले वाटून उरन एवढं तेल होते."

"आधी उगवू तर द्या," आई म्हणाली.

उगवलं. दिवाळीनंतर पेरलेलं जानेवारीत कमरेला लागलं आणि फेब्रुवारीत खिडकीच्या गजांमधून पानं आत डोकावू लागली. थाळीएवढी, खरबरीत, हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखी. त्या खिडकीशी कुंदाची खाट होती.

कुंदा माझी बायको. कामठीची. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तेव्हा ती रजेवर होती आणि खाटेवर होती. तिला सातवा महिना सरत होता आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता उठायचं नाही, मोरीपर्यंत जायचं तेही कुणाचा हात धरून. खाटेच्या पायथ्याशी दोन्हीकडे विटा लावल्या होत्या. घर बांधताना उरलेल्याच विटा. पाय वर, डोकं खाली. "मला तुम्ही सगळे घसरगुंडीवर उभे दिसता," ती म्हणायची.

विटा कशासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी याच सुमारास आठव्या महिन्यात आमचं बाळ गेलं होतं. जन्मलं ते रडलंच नाही. कुंदाला रक्त द्यावं लागलं. मी बाटलीसाठी धावत होतो, आणि परतलो तोवर बाबा एक छोटं गाठोडं घेऊन निघूनही गेले होते. मुलगा होता, हे मला नर्सनं सांगितलं. घरी आल्यावर कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आईनं पाणी तापवलं, बाबांनी हातपाय धुतले आणि रेडिओ न लावता बसून राहिले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या विषयाला कुणी हात लावला नाही. आणि कुंदाला पुन्हा दिवस गेले, तेव्हा या विषयालाही कुणी हात लावेना. आईचं म्हणणं, बोललं की दृष्ट लागते. डोहाळजेवण नाही. अंगडंटोपडं नाही. मुलगा की मुलगी, गोरं की सावळं, असली थट्टा नाही. शेजारच्या बायका आल्या की आई त्यांना ओसरीवरच चहा देऊन परतवायची. घरात बाई पोटुशी आहे, खाटेखाली विटा आहेत, आणि चार माणसं दिवसभर हवापाण्याच्या गप्पा करून राहिली आहेत, असा तो संसार.

पण माणसं किती दिवस हवेवर बोलणार? नागपूरची हवा झाली तरी तिच्यातही ‘तापून राहिलं बाप्पा’ याच्यापलीकडे काही नाही.

एका दुपारी मी जेवायला घरी आलो. ऑफिसातून जेवायला घरी यायचं हे तेव्हा मी नवीनच सुरू केलं होतं, डब्यातलं अन्न बाधतं या सबबीवर. कुंदा खिडकीकडे तोंड करून पडली होती.

"अहो, या पानावर कुणी रेघ मारली?"

गजातून आत आलेल्या पानावर पांढरी रेघ होती. शिरेजवळून सुरू झालेली, वळत वळत गेलेली. मला वाटलं, गल्लीतल्या पोट्ट्यांनी सुईनं ओरखडलं असेल. मी अंगठ्याला थुंकी लावून घासलं. जाईना.

"पुसता काय? वर नाही ती, आत आहे," कुंदा म्हणाली आणि तिच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी वर्गातली कुंदा आली. "उजेडात धरा."

धरलं. पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीच्या मधल्या जागेत, म्हणजे जिथे काही मावेल असं कुणी म्हणणार नाही अशा जागेत, एक अळी होती. दोऱ्याचा तुकडा म्हणावा तर दोरा जाड वाटेल. ती आतला हिरवा गर खात पुढे सरकत होती आणि मागे जी वाट उरत होती तीच ती पांढरी रेघ. रेघेच्या मधोमध काळे बारीक ठिपके होते. कुंदाने ते काय आहे हे सांगितलं आणि मी हात धुवून आलो.

आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, पाहिलं आणि लगेच काढला.

"लिहेल्यासारखं दिसते," ती म्हणाली. "सटवाईचं लिहेलं आपण वाचू नये." आणि आत निघून गेली. सटवाई लिहिते ती जन्मानंतर, सहाव्या दिवशी. आईच्या तोंडून तिचं नाव निघालं म्हणजे आईच्या मनात काय चालू होतं, हे तिला स्वतःलाही त्याच क्षणी कळलं असावं. त्या संध्याकाळच्या भाजीत मीठ नव्हतं आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

बाबांनी पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पुऱ्यांची कढई उलथली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पांढऱ्या पावडरीची पिशवी आणली.

"एक फुकारा मारला की साफ. रोग आहे हा. आज या पानावर, उद्या साऱ्या शेतावर." बाबा त्या तुकड्याला शेतच म्हणत.

"पोरीच्या नाकाशी जहर उडवता? डोस्कं ठिकाणावर आहे का तुमचं?" आई ओरडली.

"मग काय पूजा करू अळीची?"

मी मध्ये पडलो. घरच्या भांडणात मध्ये पडायची माझी एक पद्धत आहे. मी दोघांचंही बरोबर आहे असं म्हणतो आणि दोघांचीही बोलणी खातो. तेवढ्यात खाटेवरून कुंदा म्हणाली, फार मोठ्यानं नाही:

"बाबा, राहू द्या ना. ती आत आहे. तिला बाहेर यायचं आहे. येऊ द्या."

खिडकीत पान हलत होतं. बाबांनी पिशवीचं तोंड दोरीनं बांधलं, एकदा बांधलं, पुन्हा बांधलं, आणि तिला घेऊन ते जे बाहेर पडले ते पिशवी दुकानदाराला परत करूनच आले.

त्यानंतर आमच्या घराला विषय मिळाला. मी दुपारी सायकल भिंतीला टेकवता टेकवता विचारायचो, "कुठवर आली?" आणि कुंदा सांगायची, "मोठ्या शिरेपर्यंत येऊन थांबली होती. मला वाटलं, आता काही ही ओलांडत नाही. पण वळली." मी म्हणायचो, "खाते ना नीट?" ती म्हणायची, "खाते." मग मी जेवायला बसायचो आणि मला घास गिळता यायचा. हे आम्ही कशाबद्दल बोलत होतो, असं कुणी विचारलं असतं तर आम्ही दोघांनीही शपथेवर सांगितलं असतं, अळीबद्दल.

बाबा तर पालटलेच. ज्या माणसाला तेल काढायचं होतं, तो सकाळपासून सूर्यफुलांत खुर्ची टाकून चिमण्या हाकलू लागला. अळी पुरेशी मोठी झाली की पान फोडून बाहेर येते, मग पानाच्या खालच्या अंगाला बसून खरवडून खाते. तिथे पान कागदासारखं पातळ होतं आणि त्यातून उजेड झिरपतो. अशी उघड्यावरची अळी चिमणीला सोपी. म्हणून बाबांच्या हातात काठी, काठीला जुन्या धोतराची चिंधी. रस्त्यानं जाणारे विचारत, "काय बाबाजी, पीक राखून राहिले का?" बाबा म्हणत, "हो." कुठलं पीक, ते सांगत नसत.

माझी स्वतःची तऱ्हा निराळी होती. मी खाटेखालच्या विटा तपासायचो. तडा गेला आहे का, सरकल्या आहेत का, दोन्हीकडे सारख्या आहेत का. कुंदाला वाटायचं माझी चप्पल हरवली आहे. ऑफिसात शिपाई टेबलाशी आला की माझ्या हातून टाक गळून पडायचा. त्याला फक्त चहाचं विचारायचं असायचं. एकदा रस्त्यात मागून कुणीतरी जीव तोडून ओरडलं. मला वाटलं, घरून कुणी बोलवायला आलं. मी ब्रेक इतक्या जोरात दाबला की हँडलवरून पुढे गेलो आणि गुडघे फोडून घेतले. तो कुल्फीवाला होता. त्यानंच मला उठवलं. घरी आईनं हळद लावता लावता विचारलं, "कसा पडला?" मी म्हणालो, "कुत्रं आडवं आलं." आमच्याकडे खरं कारण कुणीच सांगत नव्हतं, मी एकटाच कशाला सांगू?

कुंदानं एक पान कापून मागवलं होतं आणि ते हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीत, तोंडाला मलमलचं फडकं बांधून, उशाशी ठेवलं होतं. बाहेर आलेली अळी कोष कसा करते ते तिला पाहायचं होतं. काही दिवसांनी एका दुपारी ती माझ्याकडे पाहून हसली. तेव्हा ती क्वचित हसायची.

"एक सांगा. काल ही अळी पानाच्या टोकाशी होती. आज देठाशी आहे, आणि जरा बारीकही झाली आहे. अळ्या माघारी फिरतात का?"

"तुझ्या विज्ञानात काय म्हटलंय?"

"माझ्या विज्ञानात म्हटलंय, सकाळी मी मोरीत गेले होते तेव्हा बाबा इथे आले होते."

मी मागच्या दारातून पाहिलं. बाबा आपल्या खुर्चीत, पाठ आमच्याकडे करून. आमच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. बाटलीतली अळी मेली होती. बाबांनी ते पान काढून, शेतातलं जिवंत अळीचं पान शोधून त्या जागी घातलं होतं. डोळ्यांना कमी दिसणारा माणूस. किती पानं उलटीसुलटी करून पाहिली असतील!

"सांगू नका त्यांना," कुंदा म्हणाली. "त्यांना वाटू द्या मला कळलं नाही."

नंतरही दोनदा पान बदललं. दोन्ही वेळा ती बाबांना म्हणाली, "मस्त वाढून राहिली बरं का, बाबा." आणि बाबा खोकले.

पुढे कोष झाले. बाटलीत एक, खिडकीच्या चौकटीवर दोन-तीन. पांढरे, जिऱ्याच्या दाण्याएवढे, आणि जिऱ्यासारख्याच उभ्या बारीक रेघांचे. इतके नीटस की सोनारानं करावेत. कुंदाला आठवा लागून काही दिवस झाले होते. घरात आता अळीबद्दलही बोलणं कमी झालं. आई दिवसातून कितीदा तरी दारात येऊन उभी राहायची, पदरानं कोरडाच हात पुसून परत जायची. बाहेर गरम वारा सुरू झाला होता. सूर्यफुलांची तोंडं मोठी झाली होती आणि मान टाकू लागली होती.

चौकटीवरच्या एका कोषातून पतंगाऐवजी काळं, मुंगीएवढं पंखवालं काहीतरी निघालं. मी ते पाहिलं. कुंदाच्या आधी पाहिलं असं मला वाटलं, म्हणून मी त्यावर पेला उपडा घातला.

"काढा तो पेला," ती म्हणाली. "माहीत आहे मला ते काय आहे. गांधीलमाशीच्या जातीचं असतं. ते अळीच्या अंगात अंडं घालतं. मग आत तेच वाढतं." आणि थोड्या वेळानं, छताकडे पाहत, "सगळ्या कोषांतून पतंगच निघतो असं नाही. पण म्हणून कुणी कोषच करू नये असंही नाही."

मी पेला उचलला. मला काही बोलता आलं असतं. माझी बायको सरळ सरळ मला दार उघडून देत होती, आणि मी विचारलं, "पाणी देऊ का?" पाणी दिलं. ती प्यायली.

पतंग निघाला तो एका संध्याकाळी, दिवे लागायच्या जरा आधी. बाटलीतला. कुंदानं हाक मारली आणि आम्ही तिघं तीन दिशांनी असे धावलो की दारात अडकलो. तिला फक्त पतंग दाखवायचा होता. तांदळाच्या कणीहून लहान, वाळल्या गवताच्या रंगाचा, डोक्यावर उभ्या केसांचा बारीक झुबका, जणू आत्ताच झोपेतून उठला. फडक्याच्या आतून तो काचेवर चढून बसला होता.

"एवढासाच?" बाबा म्हणाले. "एवढ्यासाठी मी महिनाभर चिमण्या हाकलल्या?"

"एवढाच असतो, बाबा."

तिनं फडकं सोडलं. पतंग काठावर आला, थोडा थांबला आणि खिडकीतून बाहेर.

"गेला बाप्पा," बाबा म्हणाले.

"गेला काय म्हणता?" आई एकदम कडाडली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "उडाला म्हना. उडाला!"

"उडाला," बाबा म्हणाले. मीही म्हणालो, उडाला. कुणी सांगितलं नसताना.

हे लिहिताना कुंदा मागे उभी राहून वाचून गेली. म्हणाली, "मला फार शहाणी दाखवू नका. मी रोज दुपारी उशीत तोंड घालून रडत होते, तेही लिहा." मी तिला म्हटलं, ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "माहीत होतं. तुम्ही विटा पाहायला खाली वाकायचे तेव्हा उशीकडे पाहायचे." हे तिनं इतकं सहज सांगितलं की मी चष्मा पुसायला घेतला.

आठवा सरला. नववा लागला आणि होळी जवळ आली. बाहेर पळस पेटले होते. एका दुपारी मी जेवून हात धुवत होतो आणि कुंदाची हाक आली. आवाजावरूनच कळलं. मी ओला हात तसाच घेऊन निघालो तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, फोन करायला. कारण मी एक गोष्ट घरात कुणालाही न सांगता करून ठेवली होती. इतवारीत माझा मित्र मोहन कापडाच्या गोदामावर होता आणि त्याच्या ताब्यात टेम्पो होता. मी त्याला सांगून ठेवलं होतं की फोन आला की गादी टाकून ये. बोलल्यानं दृष्ट लागते, म्हणून घरी बोललो नव्हतो.

फोन करून परत आलो तर दारात सायकलरिक्षा उभी. रिक्षावाला शंकर. तो गेले काही आठवडे रोज दुपारी आमच्यासमोरच्या कडुनिंबाखाली झोपायचा. मला वाटायचं, सावलीसाठी. आईनं त्याला तिथे झोपवलं होतं. बदल्यात त्याला दोन्ही वेळची भाकर-भाजी जात होती, आणि भाकरी कुठे संपतात याचा विचार मी कधी केला नव्हता. रिक्षाच्या मागे शेजारचे डोंगरे आपली जुनी मोटार घेऊन. बाबांनी कुंपणावरून त्यांना सांगून ठेवलं होतं. डोंगरे त्यासाठी रोज सकाळी मोटार चालू करून पाहत, आणि ती चालू झाली की बाबांकडे बघून हात करत. मी त्याला शेजारधर्म समजत होतो.

"हा काहून आला?" बाबा शंकरकडे बोट दाखवून.

"म्या बलावला. तुमच्या भरवशावर बसू का?" आई म्हणाली.

"अन् मी काय झोपलो होतो? ही मोटार कोनासाठी उभी आहे?"

"त्या डबड्यात गचके बसतीन तिले!"

"अन् रिक्षात काय पालखीतून जाते का?"

मी त्यांना शांत करत म्हणालो की दोघांचंही बरोबर आहे, पण टेम्पो येऊन राहिला आहे. दोघंही माझ्याकडे वळले. त्यानंतर जे झालं ते लिहीत नाही, कारण त्याच वेळी हॉर्न वाजवत, इतवारीहून इथपर्यंत कुणाकुणाला उडवायचं राहिलं कोण जाणे, मोहन खरंच आला. नव्या कोऱ्या गादीसकट.

कुंदा चौकट धरून दारात उभी होती. कपाळावर घाम. तिनं तिन्ही वाहनांकडे पाहिलं.

"आम्ही दोघंच आहो," ती म्हणाली. "तीन गाड्या काय करायच्या?"

दोघंच. एवढ्या महिन्यांत तो आकडा आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. आईनं दृष्टीचं नावही काढलं नाही. तिनं कुंदाला धरलं आणि मोटारीत बसवलं.

मोटार चालू होईना. मग शंकर, मोहन आणि मी, तिघांनी तिला ढकललं. कोपऱ्यापर्यंत ढकलली, तेव्हा ती एकदम गुरगुरली आणि सुटली. आत पुढे बाबा, मागे आई आणि कुंदा. मी रस्त्यात, धुरात, हात काळे, उभा. मला घ्यायला कुणी थांबलं नाही. माझी बायको बाळंत व्हायला गेली आणि मी तिच्या मागून टेम्पोत, तिच्यासाठी आणलेल्या गादीवर, दोन्ही हातांनी कडा धरून बसून गेलो. प्रत्येक खड्ड्याला मी मोहनला सांगत होतो, "हळू." तो म्हणत होता, "अबे, तूच आहे मागं."

दवाखान्यात नर्सनं बाळाचे कपडे मागितले. मी आईकडे पाहिलं. आमच्याकडे कुठले कपडे? आईनं काखेतून पिशवी काढली. जुन्या लुगड्याच्या मऊ बाळुत्यांची घडीवर घडी. ती ज्वारीच्या डब्यात, ज्वारीखाली लपवलेली होती म्हणून आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती. नर्सनं एक घडी झटकली आणि फरशीवर दाणे सांडले.

मग नुसतं बाकावर बसणं. बाबा म्हणाले, "आज पाणी द्यायचं राहिलं झाडांना." मी हो म्हणालो. आई एकेक दाणा वेचत होती. खिडकीतून उन्हाचा तुकडा भिंतीवर चढत होता आणि आत दारामागून आवाज येत होते, भांड्यांचे, चपलांचे. आदल्या वर्षीही हेच आवाज होते. त्या वर्षी जो एक आवाज आला नव्हता, त्याची आम्ही तिघंही वाट पाहत होतो आणि एकमेकांकडे पाहत नव्हतो.

तो आला. आधी मांजराएवढा, मग चांगला भांडखोर.

आई खालीच बसून राहिली, मुठीत ज्वारी धरून. बऱ्याच वेळानं एक वयस्क आयाबाई दार ढकलून बाहेर आल्या, पदरानं मान पुसत.

"पोट्टी झाली जी. ऐकू येते ना, कशी वरडून राहिली? माय बी बरी हाय." आणि मग, त्या सगळ्यांना विचारत असतील तसंच, सहज: "पयलंच ना?"

मी खाली पाहिलं. आईनंही खाली पाहिलं. अशा वेळी आमच्या घरात कुणीतरी पाण्याचं काढायचं किंवा हवेचं. मी तोंड उघडतच होतो.

"नाई," बाबा म्हणाले. "दुसरं. पयला पोट्टा होता."

आयाबाईंनी अरेरे वगैरे केलं नाही. त्या बाकाच्या टोकाशी टेकल्या, पाय दुखत असावेत. "हो का," म्हणाल्या.

"केस लय होते त्याले," आई म्हणाली. ती आयाबाईंना सांगत होती, की दाराला, कळत नव्हतं. "काळेभोर. कानावर आलते."

"बोटं लांब होती," बाबा म्हणाले. "याच्यासारखी." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

मी माझा हात पाहिला. मोटार ढकलून काळा झालेला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. वर्षभर मी एकाच घरात राहत होतो, जिथे दोन माणसांनी त्याला पाहिलं होतं, आणि मी अळ्या कुठवर आल्या ते विचारत होतो.

"आणखी?" मी विचारलं.

आई उठली, बाकावर बसली आणि थोडी सरकली. माझ्यापुरती जागा झाली. आत पोरगी रडत होती, मागे हटायला तयार नव्हती, आणि बाहेर आई मला त्याच्याबद्दल सांगू लागली.